कनाइव्ह म्हणजे काय?

सणसर
सोमवार, ता. ४ जानेवारी १९५४

एका शब्दापायी आज घरात कुणी धड जेवलं नाही! पुण्याच्या ऑफिसातून साहेबांचा कागद आला, इंग्रजीत. ह्यांनी तो दारातच माझ्या हातात कोंबला. "वाच गं, फार बारीक आहे." टाइप केलेला कागद, त्यात बारीक ते काय? पण माझी इंग्रजी पाचवी झाली आहे हे ह्यांना असल्या वेळीच आठवतं. एरवी मी वर्तमानपत्र मागितलं की म्हणणार, तुला काय कळतंय त्यातलं.

वाचलं. गावच्या बड्या आबासाहेबांच्या शेतात ऊस उभा असताना मोजणीच्या वहीत ज्वारी लिहिली आहे. ज्वारीच्या मंजुरीवर ऊस कालव्याचं पाणी पितो आहे. साहेब जीपमधून आले होते डिसेंबरात, त्यांनी स्वतः पाहिला. तेव्हा मोजणीदार चिंतामण यांनी, म्हणजे ह्यांनी, ह्या प्रकाराला — आणि इथं तो शब्द! कनाइव्ह. कनाइव्ह केलं, सबब पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, न केल्यास नोकरीतून काढण्याचा विचार होईल.

"म्हणजे मी नक्की काय केलंय?" हे म्हणाले.

"मला काय विचारता? तुम्ही केलंय, तुम्हाला ठाऊक!"

झालं. ताट तसंच. सव्वीस वर्षं हे कालव्याच्या बांधावरून चालतायत. कुणाच्या वावरात काय पीक आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. वावरातली भाजी विकणाऱ्या छबूबाईनं मेथीबरोबर कोथिंबिरीची काडी जास्त घातली तर परत पाठवणारा माणूस! एकदा कुणी केळीचा घड दारात ठेवून गेलं, तर तो खांद्यावर घेऊन दोन मैल गेले परत करायला. माझ्या तोंडचा घास होता तो, तरी मी काही बोलले नाही.

मंगळवार, ता. ५

सकाळपासून हे अर्थ विचारत हिंडतायत. पोस्टमास्तर म्हणाले, "लाच खाणे." सोसायटीच्या सेक्रेटरीनं सांगितलं, "कट करणे, संगनमत." कुणीतरी तिसराच म्हणाला, "उद्धटपणा करणे." अहो, ज्याला जे येतं ते तो सांगणार! तीन अर्थ घेऊन दुपारी दोनला घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले.

"लाच? मी लाच खाल्ली?"

लाचही नाही आणि भाकरीही नाही. मी खाल्ली, दोघांच्या वाटची. भाकरी म्हणते आहे मी.

बुधवार, ता. ६

कनाइव्ह, कनाइव्ह, कनाइव्ह! नुसती माळ ओढायची बाकी आहे.

गुरुवार, ता. ७

आज इथं लिहूनच टाकते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

पिठाच्या डब्यामागे गुळाची ढेप आहे. कार्तिकात आबासाहेबांचा गडी गेणू आणून देऊन गेला. "धन्यानी धाडलीया, वयनी. नव्या गुऱ्हाळाची हाय, वानवळा म्हनून." ह्यांना कळलं असतं तर ढेप डोक्यावर घेऊन निघाले असते. मी म्हटलं, ठेवावी. सव्वीस वर्षांत एक ढेप! विचारलं तेव्हा बाजारातून आणली म्हणून सांगितलं.

आणि आता हा कागद. ऊस आबासाहेबांचा, गूळ आबासाहेबांचा, वहीत ज्वारी. उद्या कुणी चौकशीला आलं आणि डब्यामागे हात घातला तर? माझ्या हावरेपणानं ह्यांच्यावर बालंट येणार की काय!

पण खरी भीती वेगळीच आहे. ढेप आधी आली की ज्वारी आधी लिहिली? म्हणजे ह्यांनी खरंच — नाही. ह्यांनी नाही. पण मग ऊस दिसला कसा नाही? वीतभर वस्तू नव्हे ती, दोन एकरांचा ऊस आहे.

शुक्रवार, ता. ८

ह्यांची सायकल दसऱ्यापासून भिंतीला टेकून आहे. सीटवर कोंबडी बसते. विचारलं तर म्हणतात, "चालणं प्रकृतीला बरं." बरं असेल! पण कामावरून यायला तिन्हीसांजा होतात, आणि मी मात्र भाजी तीनदा गरम करायची.

रविवार, ता. १०

बारामतीला जाऊन आलो. दत्तोपंत मास्तरांकडे. ह्यांचे बालमित्र, हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता पेन्शनीत आहेत. आमची विजयमाला मॅट्रिकसाठी त्यांच्याकडेच राहते. मार्चमध्ये परीक्षा. बापाला बघून पोर उड्या मारायला लागली, पण बाप आधी कोशाकडे!

मलाही ओढून नेलं होतं. "दत्तू भराभर वाचतो, तू नीट ऐक." उतरताना हे बसची पायरी चुकले. मी दंड धरला तर झटकून टाकला. लोक बघतात म्हणे!

मास्तरांचा कोश पाटाएवढा. नाकाला टेकवून वाचत गेले आणि हरखलेच. त्यांना काय, त्यांची कुठं नोकरी जाते आहे! "चिंतामण, फार जुना शब्द बरं का. मूळचा रोमन लोकांचा, लॅटिन. तिथून फ्रेंचांकडे गेला, तिथून साडेतीनशे वर्षांमागे इंग्रजांकडे. मुळात त्यात कट नाही, लाच नाही, काही नाही. मुळात एवढंच, की पापण्या एकमेकींवर टेकणे. डोळे मिटणे!"

"डोळे मिटणे?" हे म्हणाले.

"हो. मग झालं, वाईट दिसत असताना मुद्दाम डोळे मिटून घेणे. डोळेझाक. हाच खरा अर्थ. मग पुढे माणसं बिघडत गेली तसा शब्दही बिघडला. आतून सामील होणे, कारस्थान करणे, इथवर गेला. तुझ्या साहेबाला मधला अर्थ अभिप्रेत दिसतो."

मी म्हटलं, "आपल्याकडे कानाडोळा म्हणतात. आपण कानसुद्धा मिटतो." मास्तर खूप हसले. हे हसले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसले होते.

निघताना मास्तरांनी नीट समजावलं. कट केला म्हटलं तर नोकरी गेलीच. पण नुसती डोळेझाक झाली, चुकलो, पुन्हा होणार नाही, असं लिहून दिलं तर सव्वीस वर्षांत पहिलीच चूक, ताकीद देतील, फार तर बदली करतील. "कबूल करून टाक आणि मोकळा हो."

"जे केलं नाही ते कबूल करू?" हे ओरडलेच. "मी डोळे मिटले नाहीत, दत्तू!" विजू दारात उभी होती, ती घाबरून आत गेली.

परतीच्या बसमध्ये चकार शब्द नाही. आम्ही दोघं भांडतो तेव्हाच बरे असतो.

मंगळवार, ता. १२

शेवटी विचारलं. तोंडावर विचारलं.

"मिटले नाहीत ना डोळे? मग आबासाहेबांचा ऊस तुम्हाला दिसला नाही? कोवळा होता, ज्वारीसारखा दिसत होता, असं तरी म्हणा! साहेबांना जीपमधून दिसतो आणि तुम्हाला बांधावर उभं राहून दिसत नाही?"

वही घेतली, टोपी घातली, चालते झाले. उंबऱ्याला ठेच लागली तेवढा आवाज.

म्हणजे केलं. गप्प बसणं म्हणजे हो म्हणणंच की! सव्वीस वर्षं माझ्या घरात कोथिंबिरीच्या काडीचा हिशेब, आणि आबासाहेबांच्या दोन एकरांना डोळेझाक! चीड येते. लाज वाटते. आणि ढेप घेणारी मी, मला कुणाला बोलायला तोंडही नाही.

बुधवार, ता. १३. भोगी

आजचं आजच लिहून ठेवते.

भोगीची भाजी केली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. हे सकाळीच न बोलता निघून गेले होते. सणाचा दिवस, राग कितीही असला तरी माणूस उपाशी कसा ठेवायचा? आणि खरं सांगायचं तर तो ऊस मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता. टोपली घेऊन बांधावर गेले.

हे उभे होते, हातात वही. माझ्या अंगावर दिवाळीची पोपटी साडी. वीस पावलांवर पोचले तशी ह्यांनी मान वळवली.

"कोण आहे? छबूबाई का?"

मला वाटलं, टोमणा मारतायत. मी गप्प उभी राहिले, तोंड फुगवून. हे थोडे पुढं झाले. मान तिरकी करून बघत होते, कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

"गेणू, तू आहेस का रे? समोरच्या वावरात काय उभं आहे, सांग बरं."

समोर दोन वावरं. एक छबूबाईचं, ज्वारीचं. पांढरी शुभ्र कणसं आलेली. आणि बांधापलीकडे आबासाहेबांचा ऊस. पुरुषभर उंच, वारा आला की नुसता सळसळतो. आंधळ्याला आवाजावरून कळेल — हे लिहिलं आणि पेन थांबलं.

"ऊस," मी म्हटलं.

माझा आवाज ऐकला मात्र, ह्यांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. वाकून शोधायला लागले. चाचपत होते गवतात. पेन्सिल त्यांच्या पायाशी होती. पिवळीधमक.

मी ती उचलून हातात दिली आणि आम्ही दोघं तिथंच बसलो. भाकरी सोडलीच नाही.

दसऱ्याच्या आधीपासून आहे म्हणे. दुधातून बघावं तसं दिसतं. हिरवं तेवढं हिरवं कळतं, त्यातलं पातं वेगळं दिसत नाही. आश्विनात ऑफिसच्या कामाला म्हणून पुण्याला गेले होते ना? डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरनं चिठ्ठीवर कॅटरॅक्ट लिहून दिलं. अजून कच्चा आहे, पिकला की काढू, सात-आठ महिने थांबा.

"तोवर कशी मोजणी केलीत?"

"बांधावर जो भेटेल त्याला विचारायचो, काय रे, काय पेरलंय? लोक सांगायचे. खरं सांगायचे गं! आबासाहेबांच्या बांधावर गेणू होता. तो ज्वारी म्हणाला. मी लिहिली."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडली असतीस."

चिडले असते! चिडलेच असते! आता काय करू, सांगा?

गुरुवार, ता. १४. संक्रांत

छबूबाई वाणाला आली. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि न राहवून विचारलं, "छबूबाई, ह्यांच्या डोळ्यांचं तुला कधी काही जाणवलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आवो वयनी, समद्या गावाला ठावं हाय! बांधावरनं ते यायला लागलं की आमी आदीच मोठ्यानं बोलतो, छबू हाय वो, ज्वारी हाय वो, म्हंजी त्यास्नी इचारायची पाळी नगं. मानूस सोन्यावानी हाय. कशाला कुनाला सांगायचं? आमाला वाटलं तुमी तर घरच्याच, तुमाला म्हाईत न्हाय असं कसं व्हईल?"

असं कसं होईल! सायकल, बस, उंबरा, बारीक अक्षर. चार महिने ते माझ्यासमोर चाचपडत होते आणि मी भाजी गरम करायचं गाऱ्हाणं लिहीत होते. ह्यांनी डोळे मिटले नव्हते. ते आपले आपण मिटत होते. उघडे डोळे घेऊन आंधळी होते ती मी. आज खूप रडले. तिळगूळ करपला तो वेगळाच.

शुक्रवार, ता. १५

उरलेली ढेप फडक्यात बांधली आणि आबासाहेबांच्या वाड्यावर नेऊन ठेवली. अर्धीच उरली होती. आबासाहेब ओसरीवर होते. मोठा माणूस, पण उठून उभे राहिले.

"आवो वयनी, ह्ये काय? सनाचं कुनी गूळ परत करतं व्हय?"

मी म्हटलं, "ह्यांना दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं."

"व्हतं की."

"आणि गेणूला ज्वारी सांगायला तुम्ही सांगितलंत."

मग म्हणाले, "आमी काय सायबाकडं गेलो न्हाय, वयनी. त्यांच्या डोळ्याचं कुनापाशी बोललो न्हाय. त्येवढं तरी ध्यानात घ्या. बोललो असतो तर कवाच घरी बसलं असतं."

म्हणजे उपकारच! दुसऱ्याच्या अधूपणावर ऊस पिकवायचा आणि वर तोंड बंद ठेवल्याबद्दल आभार मागायचे! मी म्हटलं, "मग आता बोला. साहेबांपुढं येऊन सांगा, माझ्या माणसानं खोटं सांगितलं म्हणून." तर म्हणे उसाची तोडणी होऊ दे, मग बघू. मी ढेप खाली ठेवली आणि निघाले. नमस्कारसुद्धा केला नाही.

शनिवार, ता. १६

ह्यांना सांगून बघितलं, खरं ते लिहू. डोळ्यांचं लिहू. तर एकदम शांत. हे ओरडतात ते मला चालतं, शांत झाले की भीती वाटते.

"डोळ्यांचं लिहिलं की डॉक्टरी तपासणी. मोजणीला आंधळा माणूस ठेवतात का कुणी? महिनाअखेर हे क्वार्टर खाली करायचं. विजूची मार्चात मॅट्रिक. कुठं जायचं? तेच डोळेझाक केली म्हटलं तर ताकीद. एवढे सात-आठ महिने गेले की ऑपरेशन करतो, जाड चष्मा लावतो, आणि पेन्शनीपर्यंत ओढतो."

"पण तुम्ही केलं नाही ना ते!"

"नाही केलं."

"मग?"

"लिही तू. कनाइव्ह केलं म्हणून लिही. तोच शब्द घाल, साहेबांचा. समाधान होईल त्यांचं."

दोन आठवडे ज्या शब्दाशी हा माणूस झगडला, जेवला नाही, झोपला नाही, सगळ्या सणसरात ज्याला त्याला विचारत फिरला, तो शब्द आज स्वतःच्या हातानं स्वतःला लावून घेतो आहे. माझ्यासाठी आणि विजूसाठी. मला ह्यांचा इतका राग आला! असला राग मला लग्नानंतर आजवर आला नव्हता. तो कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून भांडी घासली.

रविवार, ता. १७

दुपारी ओसरीवर उजेडात बसून उत्तर लिहिलं. दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर चांगलं अक्षर आलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं, आधी इंग्रजी, मग मराठीत. मी चिंतामण, मोजणीदार, आबासाहेबांच्या उसाकडे मी डोळेझाक केली, सव्वीस वर्षांत ही पहिलीच चूक, क्षमा असावी.

"पुन्हा वाच." पुन्हा वाचलं.

"तो शब्द कुठं आहे?"

मी ह्यांचं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं. ते बोट तिथंच थोडा वेळ राहिलं. शाई अजून ओली होती, बोटाला लागली.

"एवढासा तर आहे," म्हणाले.

मग मी दाखवलं तिथं ह्यांनी सही केली. ओळ सोडून थोडी वर गेली, पण अक्षर तेच, टपोरं. नंतर पोटभर जेवले. चार भाकरी! किती दिवसांनी.

सोमवार, ता. १८

पाकीट सकाळच्या टपालानं गेलं. ह्या वहीपाशी खोटं बोलायचं नाही. कागदावर लिहिलं एक आणि वाचून दाखवलं दुसरंच. काल ह्यांचं बोट टेकवलं तो शब्द होता कॅटरॅक्ट. कनाइव्ह त्या सबंध कागदात मी एकदाही लिहिलेला नाही. कळेल तेव्हा रागावतील. रागावू देत.